काचेच्या कौलाखालचा काळोख : कोकणात राहून जलरंग शिकताना

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघराला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो छपरातल्या काचेच्या कौलातून. सकाळी दहाच्या सुमारास त्या कौलातून उन्हाचा कवडसा खाली उतरायचा. आधी भिंतीतल्या फडताळावर, मग सारवलेल्या जमिनीवर आणि जेवणाची पानं मांडायच्या वेळेस पाटापाशी. आजी घड्याळाकडे बघत नसे, कवडसा बघून भात चुलीवर चढवायची.

ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी ते माजघर जलरंगात केलं. तीन दिवस बसले होते. फडताळातल्या बरण्या, पाटा-वरवंटा, दोरीवरची लुगडी, भिंतीवरचं कालनिर्णय, कोपऱ्यातली भात भरडायची घिरट, सगळं काढलं. काहीही सुटलं नाही याचा मला फार अभिमान होता. आजीने कागद हातात घेतला, पडवीत नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्या घर आमचा न्हय गो. आमच्या घरात काळोख आसता."

मला तेव्हा वाईट वाटलं. आजीला चित्रातलं काय कळतंय, असंही मनात आलं. आज शाळेत मुलांना चित्रकला शिकवताना, आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर बोर्ड घेऊन बसताना, मला तेच वाक्य सारखं उपयोगी पडतं. जलरंग नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी मी जे लिहिणार आहे, ते बहुतेक सगळं त्या वाक्याच्या आसपासचंच आहे.

आधी माझं चुकलं काय ते सांगते. तैलरंगात किंवा पोस्टर कलरमध्ये उजेड शेवटी पांढऱ्या रंगाने ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात तसं नाही. रंगाचे बारीक कण डिंकाच्या पाण्यात असतात, त्यांचा पातळ थर कागदावर बसतो. प्रकाश त्या थरातून आत जातो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा रंगातूनच बाहेर येऊन आपल्या डोळ्यात शिरतो. जलरंगाला आतून उजळल्यासारखी झळाळी येते ती यामुळे. म्हणजे चित्रातला उजेड हा कागद आहे. तो आपण रंगवत नाही, राखतो. आणि राखायचा तर पहिलं पाणी लागण्याआधी तो कुठे राखायचा ते ठरलेलं असायला हवं.

मी कवडशाची जागा कोरी ठेवली होती, पण आजूबाजूचं माजघरही तितकंच उजळ ठेवलं होतं, कारण गडद रंगाची मला भीती वाटायची. गडद लावलं की परत काढता येत नाही, चित्र खराब होईल, ही भीती. कवडसा कोरा होता, पण तो उजळावा असं भोवती काहीच नव्हतं. कागदाहून पांढरं तर आपल्याकडे काही नसतं. त्या पांढऱ्याला तेज आणायचं तर शेजारी काळोख आणावा लागतो, दुसरा उपाय नाही.

नवशिक्यांची बहुतेक चित्रं याच कारणाने फिकी, मधल्याच छटांत अडकलेली असतात. त्यात भर म्हणजे जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना अगदी बरोबर वाटलेला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, तासाभराने धुतल्यासारखा दिसतो. ओलं असताना "बाप रे, फार गडद झालं" असं वाटून छातीत धस्स झालं, तर समजा की वाळल्यावर ते जेमतेम हवं तितकं उतरेल.

यावर एक सवय लावून घ्या. समोरच्या दृश्याकडे डोळे बारीक करून बघा, पापण्यांच्या फटीतून. बारीकसारीक तपशील जातो आणि उजेड, मधलं, गडद असे तीनच आकार उरतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर बर्न्ट अंबरसारख्या एकाच गडद तपकिरी रंगात हे तीन आकार पाच मिनिटांत मांडा. कोरा कागद म्हणजे उजेड, पातळ वॉश म्हणजे मधलं, दाट रंग म्हणजे काळोख. हे चिटुकलं चित्र उभं राहिलं नाही, तर मोठं चित्र रंगांच्या जोरावर उभं राहत नाही. मी अजूनही हे केल्याशिवाय मोठ्या कागदाला पाणी लावत नाही.

मोबाइलवर फोटो काढून घरी येऊन रंगवणाऱ्यांना एक सांगते. आजकालचे फोन सावली आपोआप उजळतात. पडवीच्या आतलं जे डोळ्यांना दिसत नाही तेही फोटोत लख्ख दिसतं. माझ्या पहिल्या चित्रात जे झालं तेच फोन तुमच्यासाठी न मागता करून देतो. आठवणीसाठी फोटो जरूर ठेवा, पण छटा जागेवर बसूनच टिपा.

आता आपल्या किनाऱ्याच्या उजेडाविषयी. कोकणचा समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे समुद्राकडे तोंड केलं की आपल्या पाठीमागून येतो. तेव्हा समुद्र, होड्या, माणसं समोरून उजळलेली असतात. रंग स्वच्छ दिसतात, पण सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, त्यामुळे चित्र सपाट होतं. दुपारी चारनंतर उलट. सूर्य समोर, पाण्यावर चमक, आणि होड्या, माड, माणसं सगळी गडद, त्यांच्या कडांना फक्त उजेडाची रेघ. नव्याने शिकणाऱ्याने संध्याकाळीच बसावं असं माझं मत आहे. उन्हाविरुद्ध बघताना उजेड आणि काळोख हे दोनच पक्ष उरतात, निर्णय सोपा होतो. भर दुपारी बाराचं ऊन मात्र टाळा. सावली पायाखाली येते आणि वाळू डोळ्यांत खुपते.

रत्नागिरीला गेलात तर एकाच दिवसात दोन धडे मिळतात. मांडवीची वाळू काळपट, तिच्यात इल्मेनाइटचे काळे कण आहेत. भगवती किल्ल्याच्या पलीकडचा किनारा पांढरा समुद्र म्हणूनच ओळखला जातो. काळ्या वाळूवर उभ्या होडीची खालची बाजू गडदच राहते. पांढऱ्या वाळूवर तीच होडी खालून उजळते, कारण वाळूवरचं ऊन परतून तिच्या पोटावर पडतं. सावलीतही उजेड असतो, आणि तो कुठून परततोय ते सावलीचा रंग ठरवतं, हे मला तिथे बसून कळलं. आमच्याकडे दक्षिणेला जांभा आणि तांबडी माती. घराच्या चुन्याच्या भिंतीवर वळचणीखाली सावली पडते ती करडी नसतेच. वरून आभाळाची निळसर, आणि खाली अंगणातली माती परतून वर चढलेली, तांबूस. एकदा ही तांबूस छटा दिसली की काळ्या रंगाची वडी तुम्ही पुन्हा सावलीसाठी वापरणार नाही.

एक होडी कशी रंगवते ते सविस्तर सांगते, कारण हाताला काय होतं ते त्यातच आहे. वाळूवर ओढून ठेवलेली उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचा ओंडका बांधलेली होडी, बाहेरून पांढरी, काठाला निळा पट्टा. वेळ साडेचारची. मी सुरूच्या बनाला पाठ लावून बसलेली, होडीची समुद्राकडची बाजू उन्हात, माझ्याकडची सावलीत. पेन्सिलने मोजक्या रेषा. बोर्ड मागून वीतभर दगडावर टेकवून उतरता ठेवलेला. होडीच्या काठावर जिथे ऊन लागलंय ती बोटाएवढी पट्टी कोरी, तिला हात लावायचा नाही असं मनाशी पक्कं.

आता सावलीची बाजू. पॅलेटवर अल्ट्रामरिन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना शेजारी शेजारी काढते, एकजीव घोटत नाही. बारा नंबरचा गोल ब्रश भरपूर भरून घ्यायचा. वरच्या काठापासून निळा जास्त, सिएना कमी. ब्रश आडवा नेला की खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची एक जाड ओळ साचते, तिला मोडू न देता खाली खाली ओढत आणायचं. निम्म्यावर आलं की निळा सोडून सिएना, आणि होडीचं पोट जिथे वाळूकडे वळतं तिथे थोडा पिवळा ऑकर. निळा आणि तांबूस आपापसात कागदावरच मिसळतात. अल्ट्रामरिनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात आणि रंगाला रवाळ पोत येतो, अगदी खाऱ्या हवेने खाल्लेल्या लाकडासारखा. तिथेच न थांबता, होडीची सावली आणि वाळूवर पडलेली तिची सावली एकाच ओल्या आकारात जोडून टाकायची. मध्ये रेघ नाही. वाळूवरची सावली जास्त गडद आणि होडीलगत धारदार, होडीपासून लांब जाताना तिची कड मऊ, कारण वस्तूपासून सावली जितकी दूर, तितकी तिची कड विरत जाते.

आणि मग हात मागे. ही जागा सगळ्यांचीच चुकते, माझीही अजून चुकते. कागद आरशासारखा चमकत असतो तेव्हा रंग टाकला तर तो वाहून पसरतो. चमक ओसरून रेशमासारखी मंद होते तेव्हा दाट रंगाचा ठिपका टाकला तर तो मऊ कडेने बसतो. त्यानंतर कागद दमट पण निस्तेज दिसू लागला की ब्रश लावायचा नाही. तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश लागला तर पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मे डाग टळतात. कागदाची चमक बघायला बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरावा लागतो. मुलांना मी आधी आठवडाभर नुसतं तेच करायला लावते.

आता हवा. पुण्या-नाशिकच्या शिक्षकांनी सांगितलेली वाळण्याची वेळ आपल्याकडे लागू पडत नाही. मे महिन्यात किनाऱ्यावर वारा असा वाहतो की वॉश खालपर्यंत यायच्या आत वरचा अर्धा वाळून जातो. तेव्हा कागद पाठीमागूनही भिजवून घ्यावा, बोर्डला चिकटून तो जास्त वेळ ओला राहतो. जुलैत उलट. अर्धा तास झाला तरी कागद ओलाच. सुरुवातीला मी चिडून हेअर ड्रायर लावायचे, आणि पावसात आमच्याकडे वीज केव्हा जाईल त्याचा भरवसा नाही. आता मी दोन बोर्ड घेऊन बसते. एक वाळतोय तोवर दुसरा. आणि खरं म्हणजे ओल्यावर ओलं काम करायला पावसाळ्याइतकी चांगली शाळा नाही. ढग, धुकं, पावसाची सर, हे सगळं हवा आपणहून सावकाश करू देते.

दमट हवेचा खरा दगा कागदाच्या आत असतो. चांगल्या जलरंग कागदाला सरसाची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे रंग वर राहतो, लगेच शोषला जात नाही. एक-दोन पावसाळे उघड्यावर राहिलेल्या कागदाचा हा सरस ठिकठिकाणी मरतो. रंग लावेपर्यंत काही कळत नाही, लावला की टीपकागदावर पडल्यासारखे काळपट ठिपके उठतात. बक्षिसात मिळालेले चार महागडे कागद मी असे घालवले, कपाटाच्या पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवले होते. आता कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, भिंतीपासून लांब. रंगांचंही तसंच. ओला पॅलेट झाकण लावून ठेवला तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. रात्री तो उघडा ठेवून पूर्ण वाळू द्यावा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, दुकानात गेल्यावर मोहात पडायला होतंच. पैसे वाचवायचे तर रंग आणि ब्रशात वाचवा, कागदात नको. सुती कागद, 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), 22 बाय 30 इंचांचा एक मोठा ताव आणून त्याचे आठ तुकडे करा. साध्या ड्रॉइंग पेपरवर वॉश शिकणं म्हणजे चिखलात सायकल शिकणं. रंग पाचच पुरतात: अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना, पिवळा ऑकर, एक लिंबू पिवळा आणि एक लाल. लाल घेताना एवढं बघा की अ‍ॅलिझरिन क्रिम्सन जुन्या प्रकारचा असेल तर तो उजेडात उडतो. खात्री करायची असेल तर रंगाची पट्टी अर्धी झाकून दिवाळीपासून होळीपर्यंत खिडकीत चिकटवून ठेवा, मग झाकण काढून बघा.

पदविका संपल्यावर साठवलेल्या पैशांतून मी म्हैसूरला गेले, फक्त एक चित्र बघायला. जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आहे. हातात समई घेतलेली बाई, ज्योतीवर धरलेला दुसरा हात. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, पण रविवर्मा 1906 साली वारले आणि हे चित्र त्यानंतर कित्येक वर्षांनी झालेलं आहे. हळदणकर 1882 साली जन्मले ते सावंतवाडीत, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. चित्रासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. आणि ते चित्र जलरंगात आहे.

मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते ते आठवत नाही. सगळ्यात आधी बोटांकडे लक्ष जातं. ज्योतीचा उजेड बोटांच्या मांसातून पार होऊन लालसर दिसतो. आपणही लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवून हे बघितलेलं असतं. पण नंतर माझं लक्ष गेलं ते बाकीच्या कागदाकडे. उजेडाची जागा किती थोडी, आणि उरलेला केवढा मोठा भाग शांत, उबदार काळोखाने भरलेला. त्या काळोखात काळा रंग असा जाणवत नाही. तपकिरी, तांबूस, त्यातून साडीच्या चुण्या उगवतात आणि पुन्हा त्यातच विरतात. इतका दाट काळोख जलरंगात मळकट न होऊ देता आणायचा म्हणजे प्रत्येक थर पूर्ण वाळू देणं, आणि पुढचा थर खालच्याला न उठवता हलक्या हाताने सोडणं. तो धीर त्या कागदावर दिसतो. आमच्या माजघरातला कवडसा मला तिथे, म्हैसुरात दिसला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला प्रल्हाद अनंत धोंड. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ते अधिष्ठाता होते, आणि कोकणातला समुद्र त्यांनी जलरंगात आयुष्यभर केला. तिथे थरांवर थर नाहीत, मोजके ओले वॉश आणि बाकी कागद. त्यांची चित्रं कुठे प्रदर्शनात बघायला मिळाली तर सोडू नका. काय केलंय यापेक्षा काय केलेलं नाही ते मोजा.

मुलं विचारतात, "मॅडम, चित्रात भाव कसा आणायचा?" आणि मग रडणारी म्हातारी काढतात, किंवा एकटा माणूस सूर्यास्ताकडे बघताना. मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या माजघराने दिलं. म्हैसूरहून आल्यावर मी तेच दृश्य पुन्हा केलं. या वेळी सुरुवात काळोखापासून. कवडशाचा तिरका पट्टा, एका तपेल्याचा काठ आणि उंबऱ्याचा अर्धा भाग एवढंच कोरं राखलं. बाकी सगळा कागद भिजवून अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना आणि थोडा लाल त्यात सोडला. बरण्या, लुगडी, कालनिर्णय, सगळं त्या ओल्यात विरघळू दिलं. चुलीकडच्या कोपऱ्यात रंग साचून एक गडद मऊ आकार तयार झाला. तो मी पुसणार होते, पण कागदाची चमक गेली होती, म्हणून तसाच राहू दिला.

आजीने या वेळी चित्र उजेडात नेलं नाही. बसल्या जागीच बघितलं आणि विचारलं, "चुलीकडे कोण गो बसलासा?" मी म्हटलं, कोणी नाही, तो रंग आहे. ती म्हणाली, "आसा," म्हणजे आहे, आणि चित्र मला परत दिलं.

त्यानंतर मी कडांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. धारदार कड बघणाऱ्याला सगळं सांगून टाकते. विरलेली कड त्याला आत यायला जागा देते, मग तो स्वतःचं काहीतरी तिथे ठेवतो. म्हणून ठरवा की चित्रात एकाच ठिकाणी सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद शेजारी शेजारी येतील, कड तिथेच कापल्यासारखी असेल, बाकी सगळीकडे ती सैल सुटेल. कोणत्या वेळी काय मनात येतं त्याचीही नोंद ठेवा. मृगाच्या तोंडावर एखाद्या सकाळी पश्चिमेला काळं आभाळ दाटलेलं असतं आणि पाठीमागून ऊन येत असतं, तेव्हा वाळू आभाळापेक्षा उजळ होते. एरवी बहुतेक वेळा असं नसतं, आभाळच उजळ असतं. पोटात होणारी कालवाकालव त्या उलट झालेल्या छटांमधून येते. चित्रात फक्त तेवढं उलटं नातं नीट सांभाळलं, तर पाऊस काढावाही लागत नाही.

ज्यांना ब्रशवर ताबा हवा त्यांनी एक मोसम गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात काम करावं. मी दोन वर्षं केलं, नागपंचमीपासून चतुर्थीपर्यंत. तिथे पोस्टर कलर, म्हणजे तेही पाण्याचेच रंग, पण अपारदर्शक. त्यात फिका रंग वाळल्यावर थोडा गडद होतो आणि गडद रंग फिका, म्हणजे अंदाज दोन्हीकडून बांधावा लागतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे काका मला सांगायचे, डोळ्यातला पांढरा ठिपका शेवटी, एकदाच, श्वास धरून. तो बसला की शाडूच्या गोळ्याला नजर येते. मी तिथे उभी राहून हे अनेकदा बघितलं आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला. पोस्टरमध्ये उजेड शेवटी येतो, पारदर्शक जलरंगात तो सगळ्यात आधी ठरतो. दोन्ही हातांत असले की स्थिरचित्र, स्मरणचित्र काहीही निभावतं.

शिक्षणाची वाट थोडक्यात. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा द्याच, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि हाताला शिस्त लागते. पुढे शिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी., चित्रकार म्हणून शिकायचं असेल तर बी.एफ.ए. ही ललित कलेची पदवी, त्याला राज्याची प्रवेश परीक्षा असते. 1857 साली सुरू झालेल्या जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम वेगळे बघावे लागतात. मुंबई झेपत नसेल तर चिपळूणजवळ सावर्ड्याला चित्र-शिल्पकलेचं महाविद्यालय आहे, कोकणातली कितीतरी मुलं तिथे घडली आहेत. कलाशिक्षकाच्या जागा कमी निघतात, हे मात्र मन घट्ट करून ऐका. माझ्याबरोबरच्या अनेकांनी गणपतीचा मोसम, सुट्टीतले वर्ग आणि चित्रांची विक्री यांवरच घर चालवलं आहे आणि चांगलं चालवलं आहे.

विक्रीचा एक अनुभव. एका रिसॉर्टने माझ्याकडून बारा निसर्गचित्रं घेतली. व्यवहार तोंडी, पैसे पर्यटनाचा मोसम संपल्यावर. ऑगस्टमध्ये त्यांनी आठ चित्रं परत आणून दिली, काचेच्या आत बुरशीचे ठिपके आले होते, आणि पैसे चारांचेच दिले. चित्रं पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगली होती हे मला नंतर समजलं. ते आठ कागद बघून मी दोन दिवस जेवले नाही. आता मी निम्मी रक्कम आधी घेते आणि कागदावर लिहून घेते. चौकट करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कड ठेवते, म्हणजे काच कागदाला टेकत नाही, मागची बाजू टेपने पूर्ण बंद करते आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावते, तेवढी हवा भिंतीलगत खेळते. घेणाऱ्याला सांगते, चित्र आतल्या भिंतीवर लावा. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन इथे चित्रं पाठवत राहा. निवड नाही झाली तरी तारखेच्या धाकाने वर्षाला दोन-चार चित्रं पूर्ण होतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला बराच काळ थांबावं लागतं, त्यासाठी आतापासून हुरहुरू नका.

पहिला विषय कोणता घ्यावा असं कोणी विचारलं तर मी तुळशीवृंदावन सांगते. समुद्र नको, सूर्यास्त तर नकोच. चुना लावलेलं पांढरं वृंदावन, चारी बाजू सरळ, खाली खळं, म्हणजे अंगण. पोस्टकार्डाएवढा कागद, रोज दोनदा, सकाळी आठला आणि दुपारी चारला. उजेडाची बाजू पूर्ण कोरी. सावलीची बाजू आणि जमिनीवरची सावली एकाच वॉशमध्ये, एकाच दमात. तुळस काढायची नाही, देवळी आणि तिच्यातली पणतीही नाही. पहिले चार दिवस सावली करडीच दिसेल आणि करडीच लागेल, चालू द्या. पाचव्या-सहाव्या दिवशी चारच्या उन्हात डोळे बारीक करून बघताना वृंदावनाच्या सावलीतल्या बाजूवर, अगदी पायथ्याशी, खळ्यातली तांबडी माती वर चढलेली दिसेल. मग त्या दिवशी बर्न्ट सिएना आधी भिजवून ठेवा.